मुंबईची गोदी: समुद्र बुजवून केलेली जमीन आता कोणाच्या वाट्याला?

हार्बर लाइनच्या लोकलने सँडहर्स्ट रोड सोडलं की डॉकयार्ड रोड, रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी अशी स्टेशनं लागतात. पूर्वेच्या खिडकीतून दिसतात ती गोदामं, लांबच लांब भिंती, उभे ट्रक, पत्र्याच्या झोपड्या आणि मागे कुठेतरी क्रेनची टोकं. समुद्र तिथून फार लांब नाही, पण तो दिसत नाही. मुंबईत कोणी 'समुद्रावर जाऊया' म्हटलं की आपण मरीन ड्राइव्ह, गिरगाव चौपाटी, दादर, वांद्रे असाच विचार करतो. सगळा पश्चिमेचा किनारा. ज्या पूर्व किनाऱ्याच्या जिवावर हे शहर श्रीमंत झालं, तो दीडशे वर्षं भिंतीआड आहे.

या भिंतीमागची बरीच जागा गेल्या तीस-चाळीस वर्षांत ओस पडत गेली. तिचं पुढे काय करायचं, यावर समित्या बसल्या, आराखडे निघाले. बातम्या वाचताना मात्र फार गोंधळ होतो, कारण त्यात गोदी, बंदर, पोर्ट ट्रस्टची जमीन, भाडेपट्टे, पुनर्विकास हे सगळं एकात एक मिसळलेलं असतं. ते एकेक करून उलगडायचा हा प्रयत्न आहे. माझं मत आधीच सांगतो: ही जमीन सार्वजनिक सत्तेने आणि बंदराच्या उत्पन्नातून तयार झालेली आहे, त्यामुळे तिच्यावर पहिला हक्क शहराचा आणि तिथे राहणाऱ्या-राबणाऱ्यांचा आहे. असं का वाटतं, ते इतिहास पाहिला की कळेल.

गोदीच्या आधी

मुंबईला नैसर्गिक बंदर लाभलं आहे. बेट आणि पलीकडची मुख्य भूमी यांच्यामधलं पाणी वादळवाऱ्यापासून बरंच सुरक्षित. म्हणून तर ईस्ट इंडिया कंपनीने १७३५-३६ च्या सुमारास सुरतेहून लवजी नसरवानजी वाडियांना इथे जहाजं बांधायला आणलं. वाडियांच्या पिढ्यांनी सागवानाची जी जहाजं बांधली, त्यातलं १८१७ सालचं 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगतं आहे. पण ती जहाजबांधणीची गोदी, आणि ती आता नौदलाकडे आहे. आपला विषय आहे मालाची चढउतार करणारी व्यापारी गोदी, आणि ती बरीच उशिरा आली.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोठी जहाजं खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहत. माल पडावांत, म्हणजे छोट्या होड्यांत, उतरवायचा, पडाव किनाऱ्याला आणायचा आणि मग हमालांनी तो खांद्यावरून वाहायचा. किनाऱ्यावर छोटीछोटी बंदरं होती आणि एकेका मालाची एकेक जागा ठरलेली होती. लकडी बंदर, कोळसा बंदर ही नावं अजून टिकून आहेत. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी प्रवाशांसाठी धक्का बांधला आणि तो 'भाऊचा धक्का' म्हणूनच ओळखला गेला. मूळ धक्का दुसरीकडे होता. गोद्या वाढल्या तशी जागा बदलली, पण लोकांनी नाव सोबत नेलं.

मग तीन गोष्टी पाठोपाठ घडल्या. १८५३ ला रेल्वे सुरू झाली, १८६३ ला बोरघाटातून मार्ग खुला झाला आणि १८६७ पर्यंत रूळ नागपूरला पोचले. म्हणजे वऱ्हाड-खानदेशचा कापूस बैलांच्या पाठीवरून न येता मालगाडीच्या वाघिणीतून (डब्यातून) थेट मुंबईत यायला लागला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६९ ला सुएझ कालवा उघडला. आता युरोप जवळ आला आणि वाफेच्या बोटी सर्रास यायला लागल्या. वाफेच्या बोटीचा मालक खाडीत आठवडे घालवायला तयार नसतो, कारण थांबलेली बोट म्हणजे रोजचा तोटा. त्याला थेट धक्क्याला लागायचं असतं.

किनाऱ्यावर धक्के आणि भराव करण्याचं काम तेव्हा एका खाजगी कंपनीच्या हाती होतं. १८५८ ला निघालेली ही एल्फिन्स्टन कंपनी. तिने किनाऱ्याचा मोठा तुकडा ताब्यात घेतला होता. शहराचं बंदर एका कंपनीच्या मर्जीवर चालणार, ही गोष्ट सरकारला लवकरच खुपायला लागली. शेवटी सरकारने कंपनीची मालमत्ता विकत घेतली आणि १८७३ ला कायदा करून पोर्ट ट्रस्ट स्थापन केला. किनारा खाजगी मक्तेदारीत जाऊ नये, यासाठीच ही संस्था जन्माला आली. आजच्या चर्चेत ही गोष्ट कोणी फारशी काढत नाही, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते.

तरी पहिली गोदी बांधली ती खाजगी व्यापाऱ्यांनीच. कुलाब्याचा ससून डॉक ससून घराण्याच्या कंपनीने भराव टाकून १८७५ ला पुरा केला, आणि चारच वर्षांत तोही सरकारने विकत घेतला.

पाणी अडवायचं कशासाठी?

मुंबईत मोठ्या उधाणाला भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत पाच मीटरच्या आसपास फरक पडतो. साधारण दीड मजला. आता उघड्या धक्क्याला बोट बांधली, तर भरतीला तिचा डेक धक्क्याच्या कितीतरी वर जाणार आणि सहा तासांनी तो खाली गेलेला असणार. पूर्व किनारा उथळ आणि चिखलाचा, त्यामुळे ओहोटीला बोटीचा तळ चिखलात टेकण्याचीही भीती. मालाची चढउतार करणाऱ्याने दोर किती सोडायचा, फळी कुठे टाकायची?

यावर उपाय म्हणजे बंदिस्त गोदी. किनाऱ्यालगत मोठं कुंड खणायचं, चारी बाजूंनी दगडी भिंती बांधायच्या आणि समुद्राच्या तोंडाला दरवाजे बसवायचे. भरती पूर्ण चढली की दरवाजे उघडायचे, बोटी आत घ्यायच्या आणि पाणी उतरायच्या आत दरवाजे लावून टाकायचे. बाहेर समुद्र ओसरला तरी आतलं पाणी तसंच राहतं. बोट दिवसरात्र धक्क्याच्या एकाच पातळीला तरंगत राहते, आणि तिच्या शेजारी शेड, शेडच्या मागे रूळ, रुळांच्या मागे गोदाम अशी सलग रांग लावता येते. पोर्ट ट्रस्टचा प्रिन्सेस डॉक १८८० ला असाच सुरू झाला. त्याची कोनशिला १८७५ ला तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्सने बसवली होती, त्यावरून नाव. त्याला लागूनच पुढच्या काही वर्षांत व्हिक्टोरिया डॉक झाला.

प्रिन्सेस डॉकचं खोदकाम चालू असताना चिखलाच्या थराखाली झाडं सापडली. शेकड्यांनी सापडली. बरीचशी मुळांसकट उभी, जिथे उगवली होती तिथेच. लाकूड खैराचं निघालं. म्हणजे जिथे गोदी खणत होते ती जागा एकेकाळी कोरडी जमीन होती, तिच्यावर खैराचं रान होतं, आणि केव्हातरी ती समुद्राखाली गेली. पुढे अलेक्झांड्रा डॉक खणतानाही असंच बुडालेलं रान लागलं. या किनाऱ्यावर उंच इमारतींची स्वप्नं पाहणाऱ्या प्रत्येकाला हे बुंधे दाखवायला हवेत, असं मला मनापासून वाटतं. समुद्र आणि जमीन यांची सीमा इथे कधीच कायमची नव्हती.

तिसरी आणि सर्वांत मोठी गोदी अलेक्झांड्रा डॉक, आजचा इंदिरा डॉक. ती १९१४ ला उघडली. आधीच्या दोन गोद्यांमध्ये भरतीच्या वेळेलाच ये-जा करता येई. इथे मात्र लॉक बांधलं. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेली लांब खोली. बोट बाहेरच्या दरवाजाने खोलीत येते, तो बंद होतो, खोलीतलं पाणी गोदीच्या पातळीला आणलं जातं, मग आतला दरवाजा उघडतो. त्यामुळे भरतीची वाट बघावी लागत नाही. या लॉकची लांबी २२८.६ मीटर आणि रुंदी ३०.५ मीटर, म्हणजे बरोबर शंभर फूट. ही रुंदी लक्षात ठेवा.

एवढं मोठं कुंड खणल्यावर निघालेली माती कुठे टाकायची? ती शेजारच्या समुद्रात भरली आणि त्या भरावावर सुमारे २२ एकरांचं बॅलार्ड इस्टेट उभं राहिलं. वास्तुरचनाकार जॉर्ज विटेटच्या देखरेखीखाली एकसारख्या उंचीच्या, दगडी तोंडाच्या इमारती आणि रुंद रस्ते. पोर्ट ट्रस्टचे पहिले अध्यक्ष कर्नल बॅलार्ड यांचं नाव त्याला दिलं. मनात आणलं तर पोर्ट ट्रस्ट भरावाच्या जमिनीवर किती नेटका भाग वसवू शकत होता, त्याचा हा पुरावा शंभर वर्षं डोळ्यांसमोर आहे.

गोदीत काम कसं चालायचं

कंटेनर येण्याच्या आधीचं गोदीतलं काम म्हणजे सुटा माल. कापसाच्या गाठी, धान्याची पोती, चहाच्या पेट्या, लोखंडी सळया, मोटारीचे भाग, दारूची पिंपं, सगळं एकाच बोटीच्या पोटात. एक टोळी खाली होल्डमध्ये उतरायची. हातातल्या लोखंडी आकड्याने गाठ ओढायची, दोराच्या झोळीत रचायची. वर विंचवाला, म्हणजे माल उचलणारं यंत्र चालवणारा, डोळ्यांनी आणि हातवाऱ्यांनी इशारे घेत झोळी उचलायचा. धक्क्यावर दुसरी टोळी ती उतरवून हातगाडीवर घालायची आणि टॅली क्लार्क वही घेऊन प्रत्येक नग मोजायचा. एक मोठी बोट रिकामी करायला आठवडा, कधी दोन आठवडे लागत. आकडा निसटला, दोर तुटला की खाली उभ्या माणसाच्या जिवावर बेतायचं.

हे कामगार आले कोकणातून, घाटावरून, उत्तरेतून, आंध्रातून. काम मात्र रोजचं नव्हतं. बोट लागली तर मजुरी, नाही तर उपास. सकाळी गेटाबाहेर गर्दी जमायची आणि टोळीवाला किंवा मुकादम बोट दाखवेल त्याला आत प्रवेश मिळायचा. मजुरीतला वाटा त्याला द्यावा लागायचा तो वेगळाच. ही पद्धत मोडण्यासाठी गोदी कामगारांच्या संघटना झगडल्या. पी. डिमेलो हे त्यातलं मोठं नाव. गोदीच्या भिंतीलगत धावणारा पूर्वीचा फ्रिअर रोड आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. १९४८ ला गोदी कामगारांच्या रोजगाराचं नियमन करणारा कायदा झाला. त्याखाली कामगारांची नोंदणी झाली, पाळीपाळीने काम मिळायला लागलं आणि काम नसलेल्या दिवशीही काही रक्कम हातात पडायला लागली. गोदीबाहेरच्या बाजारातल्या हमालांना अशा संरक्षणासाठी अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून आलेल्या १९६९ च्या माथाडी कायद्याची वाट बघावी लागली.

गोदीचा विषय निघाला की १४ एप्रिल १९४४ टाळता येत नाही. 'फोर्ट स्टिकीन' नावाची बोट कराचीवरून मुंबईत आली आणि व्हिक्टोरिया डॉकमध्ये लागली. तिच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं होती, आणि त्यांच्या सोबत कराचीत भरलेल्या कापसाच्या ८,७०० गाठी. स्फोटकांशेजारी कापूस ठेवायचा नसतो हे कोणालाही कळतं, पण युद्धाच्या घाईत बोटीवर जागा मिळाली तिथे माल भरला गेला. दुपारी आग लागली. गोदीच्या दारात असा माल असलेल्या बोटीने लाल बावटा लावायचा असतो, तो लावलेला नव्हता, त्यामुळे आजूबाजूच्या लोकांना धोका कळला नाही. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. आजूबाजूची जहाजं, शेड, गोदामं आणि भिंतीपलीकडची वस्ती आगीत गेली. मृतांचे अंदाज ८०० ते १,३०० च्या दरम्यान आहेत. आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक जवान त्यात गेले. देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात तो त्यांच्या स्मरणार्थ. बोटीवर सोन्याच्या विटाही होत्या. त्यातल्या काही कित्येक वर्षांनी गाळ उपसताना सापडल्या, आणि लोकांना बहुतेक वेळा तेवढंच आठवतं.

ओस का पडली?

२६ एप्रिल १९५६ ला अमेरिकेत माल्कम मॅक्लीन नावाच्या ट्रक व्यावसायिकाने ५८ लोखंडी पेट्या एका बोटीवर चढवून न्यूअर्कहून ह्यूस्टनला पाठवल्या. माल सुटा चढवायचा नाही, कारखान्यातच पेटीत भरायचा आणि ती पेटीच ट्रकवरून बोटीवर, बोटीवरून ट्रकवर न्यायची, एवढीच कल्पना. पण तिने जगभरच्या जुन्या गोद्या वीस-तीस वर्षांत निकामी केल्या. ज्या कामाला टोळ्यांना आठवडा लागायचा ते क्रेन एका दिवसात उरकते.

कंटेनरला तीन गोष्टी लागतात: खोल पाणी, पेट्या रचायला प्रचंड मोकळं मैदान आणि ट्रक-रेल्वेला मोकळी वाट. मुंबईच्या गोदीत तिन्हींची अडचण होती. शेड धक्क्याला अगदी खेटून बांधलेल्या, कारण सुट्या मालाला तेच सोयीचं. मागे दाट शहर, दिवसा अवजड वाहनांना बंदी. आणि इंदिरा डॉकच्या लॉकची ती शंभर फुटांची रुंदी. ज्या वर्षी ही गोदी उघडली त्याच वर्षी, १९१४ ला, पनामा कालवाही उघडला. त्याचं लॉक ११० फूट रुंद होतं. पुढे जगातली मोठी जहाजं पनामातून जाता येईल एवढी, म्हणजे ३२ मीटरच्या आसपास रुंदीची बांधली जाऊ लागली. ती मुंबईच्या साडेतीस मीटरच्या दारातून आत येऊच शकत नाहीत. दहा फुटांचा फरक, पण दगडी बांधकामात तो नंतर भरून काढता येत नाही.

म्हणून समोरच्या किनाऱ्यावर, न्हावा शेवाला नवं बंदर बांधलं. जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ ला सुरू झालं आणि आज ते वर्षाला ७० लाखांहून अधिक कंटेनर-एकक (एक एकक म्हणजे वीस फुटी पेटी) हाताळतं. जुन्या गोदीत मागे राहिलं ते पोलाद, मोटारी, काही सुटा माल. मुंबई बंदर बंद पडलं असं मात्र समजू नका. बंदरातल्या जवाहर द्वीप या बेटाला लागणाऱ्या तेलवाहू बोटी धरून ते अजूनही वर्षाला सहा कोटी टनांहून अधिक माल हाताळतं. फक्त त्यातला बहुतेक माल आता शहराच्या किनाऱ्यावर उतरत नाही. कच्चं तेल बेटावरच्या जेट्टीवरून नळातून थेट शुद्धीकरण कारखान्यात जातं. त्याला ना गोदाम लागतं, ना हमाल.

प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया डॉक तर बुजवून टाकले. बाहेर खोल पाण्यात कंटेनर टर्मिनल बांधायचं आणि इथे पेट्या ठेवायच्या, अशी योजना होती. टर्मिनल ठरल्याप्रमाणे चाललं नाही आणि गोद्या मात्र कायमच्या गेल्या. लंडनने १९६० ते १९८० च्या दशकांत बंद पडलेल्या आपल्या बऱ्याच गोद्यांमधलं पाणी तसंच ठेवलं, आणि तिथे उभ्या राहिलेल्या कॅनरी वॉर्फ या कार्यालयांच्या भागातल्या इमारतींना आज जी शान आहे ती त्या पाण्यामुळे. दीडशे वर्षांपूर्वी खैराच्या बुंध्यांमधून खणून काढलेलं कुंड आपण भर टाकून सपाट केलं, याचं मला फार वाईट वाटतं.

जमीन कोणाची, राहतं कोण?

पोर्ट ट्रस्ट म्हणजे लोकांच्या तोंडी बीपीटी. २०२१ च्या कायद्याने त्याचं नाव मुंबई बंदर प्राधिकरण झालं. ही केंद्र सरकारच्या अखत्यारीतली संस्था, आणि कुलाब्याच्या ससून डॉकपासून वडाळ्यापर्यंत तिची मिळून सुमारे १,८०० एकर जमीन आहे. मुंबईतल्या सर्वांत मोठ्या जमीनमालकांपैकी एक. यातला बराच भाग गोदीच्या भिंतीबाहेर आहे आणि तो वर्षानुवर्षं भाडेपट्ट्याने दिलेला आहे. गोदामं, लाकडाच्या वखारी, लोखंडाचे व्यापारी, कार्यालयं, चाळी, आणि कुलाबा-बॅलार्ड इस्टेटच्या बाजूला रहिवासी इमारतीसुद्धा. भाडेपट्टा म्हणजे जमीन बंदराची, वर बांधलेलं भाडेकरूचं, मुदत ठरलेली. अनेक पट्ट्यांची मुदत कधीच संपली आहे. भाडं किती वाढवायचं यावरून वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००४ ला निकाल लागला, तरी कटकटी मिटल्या नाहीत.

त्याहून अवघड प्रश्न झोपडपट्ट्यांचा आहे. रे रोड, दारुखाना, कौला बंदर या भागांत हजारो कुटुंबं राहतात. त्यातले कित्येक गोदी, जहाजतोडणी आणि भंगार यांवरच जगत आले आहेत. दारुखान्याच्या किनाऱ्यावर बोटी तोडल्या जातात. आपली पहिली विमानवाहू नौका, जुनी 'विक्रांत', २०१४ ला इथेच तोडली गेली. शहरातल्या इतर झोपड्यांना राज्य सरकारची झोपडपट्टी पुनर्वसन योजना लागू होते. इथली जमीन केंद्राची, म्हणून राज्याची योजना आपोआप लागू होत नाही. पाणी, संडास यांसारख्या साध्या सोयींसाठीही मालक कोण आणि परवानगी कोणाची, यात वर्षं जातात. पुनर्विकासाच्या चकचकीत चित्रांमध्ये बागा, सायकल मार्ग आणि नौका दिसतात, ही माणसं क्वचितच दिसतात.

आराखडे

२०१४ ला केंद्र सरकारने पोर्ट ट्रस्टच्या माजी अध्यक्ष राणी जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बंदराला गरज नसलेल्या जमिनीपैकी मोठा भाग मोकळ्या जागा, सार्वजनिक सोयी आणि वाहतुकीसाठी असावा, किनारा लोकांना खुला व्हावा, असा तिचा रोख होता. मग २०१८ ला राज्य सरकारने पोर्ट ट्रस्टलाच या भागाचं विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं आणि त्या वर्षअखेरीस मसुदा आराखडा जाहीर झाला.

इथे एक गोम आहे. महापालिका आराखडा करते तेव्हा ती त्या जमिनीची मालक नसते. इथे जमिनीचा मालक आणि तिच्यावर किती बांधायचं ते ठरवणारा एकच. बंदराला पैशाची गरज आहे, निवृत्तीवेतनाचा बोजा आहे, आणि पैसा चटईक्षेत्रातून, म्हणजे जमिनीवर किती बांधायची परवानगी आहे त्यातून, येतो. जास्त चटईक्षेत्र म्हणजे जास्त उत्पन्न, आणि तितकीच कमी मोकळी जागा. हा ताण लपवून चालणार नाही.

आपल्या शहराने हा अनुभव एकदा घेतलेला आहे. गिरण्या बंद पडल्यावर १९९१ च्या नियमात ढोबळमानाने एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागेला, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांना आणि उरलेली मालकाला अशी वाटणी होती. २००१ ला नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जागेपुरती उरली. गिरणीची इमारत जिथे उभी होती ती जागा हिशेबातून बाहेर. २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. लालबाग-परळला आज बाग किती आणि टॉवर किती, ते कोणीही जाऊन बघावं. गिरण्यांची जमीन निदान बरीचशी खाजगी मालकांची होती. गोदीची जमीन सरकारी आहे, त्यामुळे इथे तसंच झालं तर ती सबबही उरणार नाही.

लंडनचा दाखला वर दिला, त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. तिथे १९८१ ला केंद्र सरकारने खास महामंडळ नेमून स्थानिक परिषदांचे नियोजनाचे अधिकार काढून घेतले. कार्यालयं झपाट्याने उभी राहिली. पण मोठी रेल्वे उशिरा आली, कॅनरी वॉर्फ बांधणारी कंपनी १९९२ ला बुडाली, आणि पिढ्यान् पिढ्या तिथे राहिलेल्या गोदी कामगारांच्या कुटुंबांना नव्या नोकऱ्यांत फारसं स्थान मिळालं नाही. आधी वाहतूक आणि घरं, मग टॉवर, हा क्रम चुकला की काय होतं ते तिथे दिसलं.

मुंबईत काही गोष्टी झाल्या आहेत. २०१३ पासून पूर्व मुक्त मार्ग पी. डिमेलो रोडवरून चेंबूरकडे जातो. २०२० ला भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारी नेणारी रो-रो बोट सुरू झाली आणि अलिबाग जवळ आलं. बॅलार्ड पिअरला क्रूझ टर्मिनल उभं राहिलं. जानेवारी २०२४ ला अटल सेतू खुला झाला, आणि तो निघतो शिवडीहून, पोचतो न्हावा शेवाच्या बाजूला. यातलं बहुतेक प्रवाशांसाठी आहे, आणि त्यातही मोटार असलेल्यांसाठी. पायी चालत येऊन समुद्राकाठी फुकट बसता येईल, मूल खेळवता येईल अशी जागा या किनाऱ्यावर अजून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही नाही.

दोन गोष्टींकडे कमी लक्ष जातं. एक म्हणजे माती. जिथे दशकानुदशकं कोळसा साठवला, तेल सांडलं, बोटी तोडल्या, तिथल्या जमिनीत जड धातू आणि रसायनं मुरलेली असतात. अशा जागी बाग किंवा घरं करण्याआधी माती तपासावी आणि साफ करावी लागते, आणि ते काम खर्चिक आहे. तो खर्च कोण करणार हे आराखड्यातच लिहिलेलं असायला हवं. दुसरी म्हणजे शिवडीची दलदल. तिथे हिवाळ्यापासून पावसाच्या तोंडापर्यंत हजारो रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उतरतात. ओहोटीला उघडा पडणारा तो चिखल आणि त्यामागची खारफुटी हीच उधाणाला किनाऱ्याची ढाल आहे. ती ठेवायची की भरायची, याचं उत्तर देताना हात आखडता घेऊ नये.

आणि ससून डॉक. सगळ्यांत जुनी गोदी, आणि अजून रोज पहाटे जिवंत. बोटी लागतात, टोपल्या हातोहात वर येतात, लिलाव पुकारला जातो, बायका रांगेने बसून कोळंबी सोलतात. २०१७ ला तिथल्या भिंतींवर आणि जुन्या गोदामांत कलाकारांनी चित्रं काढली आणि एरवी तिकडे न फिरकणारी मुंबई पाहायला आली. त्या प्रदर्शनाचं मला कौतुक आहे, कारण कामगारांचे चेहरेच तिथल्या भिंतींवर होते आणि मासळीचं काम एक दिवसही थांबलं नव्हतं. पुनर्विकासाने जे करायला हवं त्याचा छोटा नमुना तिथे होता.

नगररचना कायद्यात मसुदा आराखडा जाहीर झाला की लोकांकडून हरकती आणि सूचना मागवाव्याच लागतात. ठरलेली मुदत असते, नकाशे बघायला ठेवलेले असतात, साध्या कागदावर मराठीत लिहून दिलेली हरकतही नोंदवून घ्यावी लागते. कौला बंदरातल्या माणसाला ती मुदत संपेपर्यंत बहुधा पत्ताच नसतो. तेव्हा या भागाचा कोणताही नवा मसुदा किंवा बदल निघाला, तर नकाशावर आधी तीन गोष्टी शोधा: मोकळी जागा कुठे आणि किती, ती पाण्याला लागून आहे की मागच्या बोळात, आणि आज तिथे राहणाऱ्यांची घरं त्याच प्रभागात दाखवली आहेत की शहराच्या बाहेर. मग नकाशाच्या क्रमांकासह हरकत लिहा, आणि तिची पोच घ्या.